फाटकावरची पिशवी

पहाटे अडीचला भट्टी पेटते.
सुरूची लाकडं, वर नारळाची सोडणं,
आणि पीठ, जे रात्रभर माझ्याहून शांत झोपलेलं असतं.
उभादांड्यात म्हणतात, पिदादबायच्या हाताला चव आहे.
हाताला असेल.
तोंडाला सात वर्षं नव्हती.

इनास गेला त्या रात्री चांदणं होतं,
होडीतून जाळ्याची गाठ दिसावी एवढं.
बस्त्यांवच्या ट्रॉलरला दिवा नव्हता.
कोर्टात वकील म्हणाला, दिवा होता.
कागदावर तो अजून जळतोय.

निकालाच्या संध्याकाळी बस्त्यांव दारात आला,
टोपी हातात घेऊन.
मी आतून कडी घातली
आणि मळत राहिले,
परातीतलं पीठ संपलं तरी.

देवाशी भांडले नाही. इगर्जीत जायचे.
प्रार्थनेतली भाकरीची ओळ मोठ्यानं म्हणायचे,
आमच्या धंद्याचीच ती.
पुढची ओळ आली की खोकला काढायचे.
सगळे आपापली येणी सोडत असायचे
आणि मी ओहोळ उडी मारून ओलांडावा तशी
पाय न भिजवता पलीकडे उभी,
त्यांची वाट बघत.

मग फादर म्हणायचे, एकमेकांना शांती द्या.
उजवीकडच्या बाकावर बस्त्यांव.
मी डावीकडे वळायचे. डावीकडे खांब.
सात वर्षं मी एका खांबाला शांती दिली.

भट्टीजवळ रोकेचा मोबाइल बोलत असतो.
कुठे बाँब, कुठे जाळलेली वस्ती,
ढिगाऱ्याखालून एका पोराचा हात.
"मावशे, ह्या थांबतला कधी?"
मी म्हणते, पाव बघ, करपतायत.
वर खुर्सावरचा तो, काजळीनं काळवंडलेला.
त्याला श्वास पुरत नव्हता,
तरी आधी मारणाऱ्यांचंच बोलून घेतलं त्यानं.
मला तेव्हा त्याचाही राग यायचा.

परवा रोके तापानं पडला.
सायकल मीच काढली. मागे टोपली, पुढे भोंगा.
दीपगृहाचा उजेड रस्त्यावर यायचा, जायचा.
बस्त्यांवच्या फाटकावर पिशवी होती,
निळ्या चौकड्यांची, तोंड उघडं,
पावासाठी टांगतात तशी.

मी पुढे गेले.
खोटं कशाला सांगू, तीन घरं पुढे गेले.
मग उतरले, सायकल हातात धरून मागे आले.

आत वीसची नोट, दवानं मऊ झालेली.
फाटक सगळं गंजलेलं,
फक्त बंद अडकवायचा तिथे, त्या एका सळीवर,
गंज नव्हता.

चार पाव ठेवले. नोट घेतली.
फुकट दिले असते तर ती भीक झाली असती,
नाहीतर माझा मोठेपणा.
आत कुणीतरी खोकलं,
एखादी ओळ चुकवल्यासारखं.

रोके गोधडीतूनच म्हणाला,
"रोज रात्री लावता, रोज सकाळी रिकामी काढता.
तुका सांगूक नाय, राग येतलो म्हणान."

रविवारी त्या ओळीत पाय घातला.
पाणी गार होतं. अर्ध्यात आवाज गेला,
उरलेली अर्धी बाकीच्यांनी म्हटली.
शांतीच्या वेळी उजवीकडे वळले
तर बाक रिकामा.
ताप सगळ्या दांड्यात फिरतोय म्हणे.
हात पुढे आलेला, मागे कसा घ्यायचा?
बाकाच्या पाठीवर ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं.

इनास येत नाही. होडीची फळी अजून माडाला टेकून आहे,
तिच्याकडे बघवत नाही.
पण त्या रात्री पीठ झोपलं
आणि मीही, अडीचपर्यंत.

आज पिशवीत नोट नव्हती.
पाव ठेवले. घरी येऊन वहीत लिहिलं:
बस्त्यांव, वीस रुपये येणं.
सात वर्षांनी त्याचं नाव माझ्या हातून,
आणि शाई कुठे फुटली नाही.